सावडीतला अर्धा हात

आमच्या गावात एखाद्या घरात माणसं किती, असं कुणी विचारत नसे. हात किती, असं विचारत. मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा चहाची बशी खाली ठेवता ठेवता घसा खाकरून म्हणायचे, "घरात हात किती हायत?" आणि मग मुलीचा बाप मनातल्या मनात बेरीज करायला लागायचा. गाव कडावच्या पलीकडचं, भाताचं. भाताचं रोप तयार झालं की ते ठरावीक दिवसांत उपटून चिखलात लावावं लागतं. उशीर झाला तर रोप म्हातारं होतं, मग त्याला फुटवे धरत नाहीत, आणि भात उंच दिसलं तरी लोंबीत दाणा कमी भरतो. एवढी घाई एकट्या घराला झेपत नाही, म्हणून सावड. आज आमचे तीन हात तुमच्या शेतात राबले, तर उद्या तुमचे तीन हात आमच्या शेतात. ज्या घराचे हात जास्त त्याची पाळी पहिली, कमी हातवाल्याची शेवटी. यात कुणावर अन्याय होतो असं कुणालाच वाटत नसे. पाऊस सगळ्यांना सारखा, पाळी मात्र हातांप्रमाणे, अशी गावाची समजूत होती.

एक धडधाकट माणूस म्हणजे एक हात. लहानपणी मी आजाला विचारलं होतं, माणसाला हात दोन असतात, मग तुम्ही एकच का मोजता? आजा म्हणाला, "दुसरा हात रोपाची जुडी धरतो गं. लावतो तो एकच." बाकीचे नियमही असेच पक्के होते. म्हातारं माणूस बांधावर बसून सूचना देतं, ते मोजायचं नाही. अंगावर पिणारं मूल असलेली बाई म्हणजे अर्धा हात, कारण तिला सारखं चिखलातून उठून मुलाला पाजायला बांधावर जावं लागतं. आणि ते मूल सांभाळणारी मुलगी? तिला मोजायचंच नाही. ती मुलगी मी.

घरात आम्ही सात भावंडं, मी सगळ्यांत मोठी. शिवाय आई-बाबा, आजा आणि बाबांचा धाकटा भाऊ हरीकाका, ज्याचं लग्न व्हायचं होतं. आजी मी पाहिलीच नाही. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे गोठा. सकाळी मला जाग यायची ती आवाजांनी. एक भावंड रडत असायचं, दुसरं खोकत असायचं, गोठ्यात म्हैस दावं ओढायची, आणि या सगळ्या गोंगाटात आईचा भाकरी थापण्याचा आवाज मात्र एका लयीत चालू असायचा. चुलीवर पेजेचं मोठं तपेलं. तांदूळ मूठभर आणि पाणी कळशीभर, अशी ती पेज. हरीकाका ताटलीत वाकून बघायचा आणि म्हणायचा, "वैनी, यात मासं सोडले तर जगतील गं!" आई हसायची आणि त्याला तळाची घट्ट पेज वाढायची, कारण त्याला नांगर धरायचा असे. चुलीत भाजलेली सुकट मिरची-मिठात चुरली की तिच्यावरून आमच्यात रोज महाभारत. वालाचं बिरडं असलं की मात्र घरात शांतता. भिजवून मोड आणलेल्या वालाची सालं काढायला आम्ही सगळे परातीभोवती बसायचो, आणि भराभरा परात रिकामी व्हायची. त्या एका कामात आमच्या संख्येचा उपयोग होताना मी डोळ्यांनी पाहिला आहे.

आजाला गाव तात्या म्हणायचं. सावडीच्या बैठकीत कुणाचे किती हात, कुणाची पाळी कधी, हे सगळं त्याच्या तोंडी असायचं आणि त्याचा शब्द कुणी मोडत नसे. संध्याकाळी ओटीवर बसून तो आमच्याकडे बघायचा आणि बेरीज करायचा. ही अजून तीन वर्षांनी एक हात, हा दत्तू पाच वर्षांनी एक, त्याच्यामागचा सात वर्षांनी. "थांबा जरा," तो बाबांना म्हणायचा, "या घराचे धा हात व्हायचेत. मग बगू आपली पाळी कोन मागं टाकतो ते." आजाची सगळी श्रीमंती अशी पुढच्या सालात होती. चालू सालात आम्ही अडीच हात होतो: बाबा, हरीकाका आणि अर्धी आई. हात अडीच आणि तोंडं अकरा. पाळी शेवटची, म्हणून रोप म्हातारं, म्हणून भात कमी, म्हणून पेज पातळ. तरी आजा खूश असायचा.

पुढे मी शिक्षिका झाले आणि दर वर्षी मोठ्या वर्गाला लोकसंख्यावाढ आणि आर्थिक विकास हा धडा शिकवायची वेळ माझ्यावर आली. पुस्तकात लिहिलेलं असायचं की लोकसंख्या हे साधन आहे आणि ती समस्याही आहे. मुलं परीक्षेत दोन्ही लिहून मोकळी व्हायची. मी फळ्याकडे तोंड करून हसायची, कारण मला आमची ओटी दिसायची. आजाला मी आडमुठा म्हणत नाही. त्याच्या पिढीत जन्मलेली सगळी जगत नसत, म्हणून जास्त हवी असत. त्याचं गणित त्या काळाला बरोबर होतं. मुलं जगायला लागली आणि जमीन मात्र तेवढीच राहिली, एवढंच त्याच्या हिशेबात आलं नाही. पणजोबांचं सलग शेत होतं म्हणे. त्याचे वाटे झाले, वाट्यांचे वाटे झाले, आणि दर वाटणीला एक नवा बांध पडला. बांधावर फार तर तुरीची चार झाडं येतात, भात येत नाही. माझ्या लहानपणी आमची खाचरं इतकी चिंचोळी झाली होती की बैल वळवायचे म्हणजे शेजाऱ्याची परवानगी घ्यायची. हरीकाका म्हणायचा, "अजून एक वाटनी झाली की बैल नको, बोकड जुंपू."

माझी बहुतेक सगळी लावणी बांधावर गेली. बांधावरच्या करंजाच्या फांदीला लुगड्याची झोळी, झोळीत त्या सालचं मूल आणि शेजारी इरल्याखाली मी. सातवं भावंड, बाळू, चैत्रात जन्मला होता आणि त्या पावसाळ्यात त्याची झोळी हलवताना मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. बायकांची रांग वाकून मागे मागे सरकत होती. चिखलात पाय ओढण्याचा चबक चबक आवाज, मधेच कुणीतरी धरलेलं गाणं, आणि त्या रांगेत एक जागा सारखी रिकामी पडायची. ती आईची. बाळू रडला की ती उठायची, चिखलाचे हात पावसात धुवायची, पाजायची, परत जायची. तोवर रांग लांब सरकलेली असायची. मग राहिलेला पट्टा ती एकटीच भरत बसायची. शेजारची यमुनाकाकी तोंडाची फटकळ, पण मनाची मोकळी. ती ओरडायची, "कुंदाचे आये, तुझा पट्टा बग, म्हातारीच्या दातावानी दिसतोय!" सगळ्या हसायच्या, आईही हसायची. मला मात्र तो विनोद कधी आवडला नाही.

आणि माझी शाळा? शाळा उघडायची त्याच सुमाराला घरात तान्हं मूल असायचं, त्यामुळे माझं वर्ष श्रावणात सुरू व्हायचं. गावातली शाळा सातवीपर्यंत. तिथे गुरुजी माझी परिस्थिती जाणून होते, बुडालेलं भरून घ्यायचे. पण आठवीला कडावला जावं लागणार होतं, चालत, रोज. तिथे कुणी माझ्यासाठी श्रावणापर्यंत थांबणार नव्हतं. सातवीत गेले तेव्हाच मला कळून चुकलं होतं की घरात आणखी एक मूल आलं तर माझी शाळा संपली. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. मुलीनं असं काही बोलायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर हरीकाका साजगावला कारखान्यात लागला. खोपोलीकडे खोली घेऊन चौघं पोरं एकत्र राहायची. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं आम्हा सगळ्यांना बिस्किटं आणली आणि आजाला नवा टॉवेल. आजानं टॉवेल खांद्यावर टाकला, पण तोंड उतरलेलंच. "लावनीला येशील ना रं?" त्यानं विचारलं. काका म्हणाला, "पाळी सुटत नाय तात्या. मशीन बंद ठेवता येत नाय." आजाला हे खरं वाटेना. माणसानं केलेली वस्तू माणसासाठी थांबत नाही, हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. अडीच हातांतून एक गेला. उरला दीड.

महिन्यातून एकदा आरोग्य केंद्राच्या नर्सबाई गावात यायच्या. आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या आणि मान हलवायच्या. त्यांनी मुलं थांबवायच्या ऑपरेशनचा विषय काढला तेव्हा मी बाळूला घेऊन तिथेच उभी होते. त्या म्हणाल्या की पुरुषाचं ऑपरेशन जास्त सोपं असतं. बाबा दारात बैलाचं जू नीट करत होते. ते म्हणाले, "मग नांगर कोन धरनार?" नांगराचा आणि त्या ऑपरेशनचा काय संबंध, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण बाबांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. आईनं त्याच संध्याकाळी त्यांना विचारलं, "मी गेले तर तुमी अडवाल?" बाबा जू घासता घासता म्हणाले, "अडवनार नाय. पन तात्यास्नी मी सांगनार नाय." आमच्या बाबांची शूरता एवढीच, पण ती वेळेवर कामाला आली.

पौषात भात घरी आलं, शेतात वाल हिरवे झाले, आणि आईनं आजाला सांगितलं की चौकला माहेरी जाऊन येते, चार दिवस. माहेरी जाणाऱ्या सुनेला सासरा नाही म्हणत नाही. बाळू अंगावर पीत होता म्हणून तो बरोबर, आणि बाळूला धरायला मी बरोबर. एसटीत आम्हाला मागचं बाक मिळालं. चौक आलं, ढाब्यांवरचा धूर आणि गॅरेजांपुढचे ट्रक दिसले, मामाच्या घराचा रस्ताही गेला, पण आई उठली नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "खालापुराकडं शिबीर हाय. हातरून धरायचं हाय दोन दिस." मग थोड्या वेळानं, "तुला आठवीत जायचं ना?"

मी मान हलवली.

"मग आत्ताच जायला पायजे. अजून एक पोर झालं तर कोन घेनार त्याला? मी का? मी तर चिखलात आसनार. तूच घेनार." तिनं बाळूला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "मला शाळा नाय भेटली, त्याचं मला काय नाय वाटत. ते कसं आसतं तेच मला ठावं नाय. तुला ठावं हाय, म्हनून तुला जास्त लागंल."

माझ्या आईनं माझ्याशी एवढं लांबलचक बोलणं तोवर कधी केलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि लाज वाटत होती, म्हणून मी बाळूच्या टोपडं सुटलेल्या डोक्याकडे बघत बसले. शिबिराची आठवण मला फारशी नाही. लांबलचक पडवी, ओळीनं अंथरलेल्या सतरंज्या, डेटॉलचा वास, आणि रांगेनं झोपलेल्या बायका, ज्यांच्या प्रत्येकीच्या उशाशी माझ्याच वयाची एक मुलगी मूल घेऊन बसली होती. आम्ही मुली एकमेकींशी बोललो नाही. पण बाळू रडायला लागला की पलीकडची मुलगी तिच्याकडचा खुळखुळा पुढे करायची.

बेत असा होता की तिथून मामाकडे जायचं, दोन दिवस पडून राहायचं आणि माहेरपण झाल्यासारखं घरी यायचं. पण सरकारी मायेपुढे कुणाचं चालत नाही. ऑपरेशन झालेल्या बाईला एसटीचे धक्के नकोत म्हणून नर्सबाईंनी आईला थेट जीपमध्ये बसवलं, आणि आई भिडेपोटी माहेरचं नाव घेऊ शकली नाही. आमच्या गावात जीप यायची ती निवडणुकीत. ती आली तशी सगळी पोरं मागे धावली, यमुनाकाकी कोंबड्या टाकून पुढे आली, आणि जीप भर दुपारी आमच्या ओटीपुढे थांबली. ड्रायव्हरनं उतरून दार उघडलं, नर्सबाईंनी आईला हात दिला आणि मोठ्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हिला पंधरा दिवस कळशी उचलू देऊ नका हां!" गाव हुशार होतं. ज्याला समजायचं ते समजलं.

आजा ओटीवरून उठला नाही. जीप गेली, माणसं पांगली, तेव्हा तो म्हणाला, "माहेरी गेलती ना तू?" आई भिंतीला टेकून उभी होती. मग त्यानं बाबांना विचारलं, "तुला ठावं व्हतं?" बाबा म्हणाले, "मी हो म्हनलं व्हतं." आजाचा आवाज चढला. रागापेक्षा त्यात दुःखच जास्त होतं, हे आज मला कळतं. "एक हात साजगावला गेला. आता घराचे बाकीचे हात तू तोडून आलीस. माजी ही पोरं म्हंजी माजं शेत व्हतं गं."

आई तेव्हा पोटावर हात धरून उभी होती. ती सावकाश म्हणाली, "तोडून नाय आले मामंजी. कुंदा झाली तवापासनं तुमी मला अर्धी मोजताय. दर पोरामागं तुमी पुढचा एक हात धरता, पन माझा अर्धा जातो आन् या पोरीचा सगळा जातो, तो कुटं धरता? माझा अर्धा हात सोडवून आनलाय मी."

आजा आत जाऊन पडला आणि त्या दिवशी जेवला नाही. त्यानंतर बरेच दिवस तो आईशी बोलत नव्हता. पाणी हवं असलं की माझ्याकडे बघून भांडं वाजवायचा. आई काही झालंच नाही अशी त्याची भाकरी मऊ करून वाढायची. माघात गावात पोपटी लागली. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा वास सुटला की आमचा आजा लहान पोरासारखा सगळ्यांच्या आधी पुढे बसायचा. त्या वर्षी तो गेला नाही. आईनं त्याच्या वाट्याच्या शेंगा घरी आणून त्याच्या उशाशी ठेवल्या. सकाळी सालं रिकामी दिसली, पण तोंडातून शब्द नाही.

मी मात्र त्या वर्षी सातवी पास झाले. आईनं बाबांकडून कडावच्या हायस्कूलात माझं नाव घालून घेतलं. आता बाळू अंगावरून सुटून चालायला लागला होता, नवीन कुणी येणार नव्हतं, आणि मला वाटलं, झालं, सुटले. सुटका इतकी सोपी नसते. ज्येष्ठ सरता सरता देवळापुढे सावडीची बैठक बसली. पुरुष पारावर, बायका विहिरीच्या कडेला उभ्या. आजा एकेक घर पुकारायचा, घरवाला हात सांगायचा, आणि ते सगळं आजाच्या डोक्यात बसायचं. सावडीत एकदा बोललेला आकडा मागे घेता येत नाही. आजारी पडलात, पाहुणे आले, काही झालं तरी तेवढे हात पाठवायचेच. नाही पाठवले तर पुढच्या साली त्या घराला सावडीत घेत नाहीत. शेवटी आमचं घर आलं. आजा उठून उभा राहिला. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा उजळला होता.

"आमचे तीन," तो म्हणाला. "पोरगा एक. सून एक, आता पुरी. आन् कुंदा एक."

पारावर कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "तात्या, या साली मधली पाळी लागती तुमाला!" ज्या ऑपरेशनवरून आजानं पाच महिने घर गप्प केलं, त्याचं पीक सगळ्यांत आधी कापायला तोच निघाला होता. आज मला याचं हसू येतं. त्या दिवशी मात्र आलं नाही. मूल सांभाळायचं नाही म्हणून मी पहिल्यांदा मोजण्यासारखी झाले होते, आणि मोजण्यासारखी झाले म्हणून चिखलात जाणार होते. शाळा त्याच आठवड्यात उघडत होती. मी आईकडे बघितलं. आई बायकांमधून दोन पावलं पुढे आली. बैठकीत बाईनं बोलण्याची रीत नव्हती, म्हणून तिनं पदर तोंडापुढे धरला आणि पाराकडे न बघता म्हणाली, "दोन बोला मामंजी. कुंदा शाळेत जानार हाय."

यमुनाकाकीसुद्धा गप्प, याची गावात पुढे वर्षानुवर्षं आठवण काढली गेली. आजाचे ओठ हलले. त्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पारावरच्या माणसांकडे पाहिलं. "तीन बोललोय," तो म्हणाला. "तीनच येतील." कुणीतरी विचारलं, "तिसरा कोन, तात्या?" आजानं खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि म्हणाला, "ते मी बगीन," आणि तो बैठक तशीच टाकून घरी निघाला.

त्या रात्री मी आईला म्हटलं, आये, मी जाते लावणीला, आठवी पुढच्या साली. आई म्हणाली, "पुढच्या सालाचं नाव या घरात आता काडू नको." बाळूला बांधावर सांभाळायला तिनं दत्तूला लावलं. मुलग्यानं झोळी हलवायची म्हणून दत्तूनं रडून घर डोक्यावर घेतलं. आज तो साठीला आला आहे, पण मला दिवाळीला ओवाळणी घालताना अजून ऐकवतो की ताई, तुझी आठवी मी झोळी हलवून पास केली. खोटं नाही ते. कुणाची तरी सुटका दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतेच, हे पुस्तकातल्या धड्यात मला कुठे सापडलं नाही.

आज त्या शिवारात कुंपणं घातलेले बंगले झाले आहेत. आमच्या उरलेल्या खाचरात दत्तूचा मुलगा अजून भात लावतो, हौसेनं म्हणा किंवा माझ्या आईला दिलेल्या शब्दासाठी म्हणा. त्याला एकच मुलगी आहे, ती पुण्याला शिकते. लावणीला माणसं मिळवण्यासाठी तो आठ दिवस फोन करत असतो आणि मग वैतागून म्हणतो, "आत्या, तुमच्या वेळी बरं होतं, घरातच माणसं होती." मी त्याला काही समजावत नाही. एका पिढीला हात फार होतात, दुसरीला कमी पडतात. दोन्ही वेळा रोप वेळेत लावावंच लागतं.

शाळा सुरू झाली आणि दोन-चार दिवसांतच यमुनाकाकीच्या शेतात सावडीची पहिली पाळी लागली. कडावचा रस्ता तिच्या खाचरांना लागूनच जायचा. मी नवं दप्तर पोटाशी धरून, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन निघाले होते. लांबून रांग दिसली. लावणी म्हणजे बायकांचं काम. पुरुष चिखलणी करतात, रोपाच्या जुड्या वाहतात, पण रांगेत वाकून रोप लावणारा पुरुष मी गावात पाहिला नव्हता. त्या रांगेत, आईच्या शेजारी, धोतर वर खोचून, आमचा आजा वाकला होता. कंबर कधीच गेलेला तो म्हातारा एका हातात जुडी धरून दुसऱ्या हातानं रोप खोचत होता. रोप वाकडं बसत होतं. त्याच्यामुळे सगळी रांग खोळंबली होती, आणि यमुनाकाकी म्हणत होती, "तात्या, चोळी-बांगडी पाठवू का घरी?" बायका हसत होत्या. आजा मान खाली घालून पुढचं रोप खोचत होता. आई त्याच्या वाट्याचा राहिलेला पट्टा मुकाट्यानं आपल्या हातानं भरत होती.

माझे पाय रस्त्यावरच थबकले. शाळा, घंटा, सगळं विसरले. आजानं कधीतरी मान वर केली, दोन्ही हात कमरेवर ठेवून सावकाश उभा राहिला आणि त्याला मी दिसले. मला वाटलं, आता बोलावणार. मी दप्तर खाली ठेवायला वाकलेसुद्धा.

"ठेवू नको खाली," तो ओरडला. "भिजंल. तुझा हात हितं लागलाय. तू जा."

मी धावत सुटले. कडाव येईपर्यंत रडू थांबलं नाही, आणि शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा मी पावसाचं पाणी म्हणून सांगितलं.